स्कॅबच्या डागातून स्ट्रेप्टोमायसिस मिळाला, पण रोग त्यानेच केला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या चोइथराम मंडीतून आणलेल्या स्कॅबच्या, म्हणजे सालीवर खपलीसारखे डाग पाडणाऱ्या रोगाच्या, बटाट्यांमधून काही जिवाणू वेगळे केलेत, १६एस चाचणीत (जिवाणू ओळखायला वाचतात त्या जनुकावरून) ते स्ट्रेप्टोमायसिस निघाले, तर प्रबंधात ‘रोगकारक स्ट्रेप्टोमायसिस स्कॅबीज’ असं लिहिता येईल का? एवढ्या पुराव्यावर नाही लिहिता येणार.

स्ट्रेप्टोमायसिस हा मातीतल्या जिवाणूंचा मोठा वंश (जीनस). त्यात शेकडो जाती, आणि बहुतेक निरुपद्रवी. खपली जुनी झाली की मेलेल्या सालीवर जगणारे त्यांतलेच कितीतरी तिथे मुक्काम ठोकतात. रोग पाडणाऱ्यांची ओळख थॅक्स्टोमिन या विषावरून पटते. १८९०च्या सुमारास अमेरिकेत कनेटिकटला रोलंड थॅक्स्टर यांनी हा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो हे दाखवलं, विषाला नाव त्यांचंच. हे विष वाढत्या पेशींना सेल्युलोज बनवू देत नाही. ते तयार करणारी जनुकं एका जातीतून दुसरीत जाऊ शकतात, आणि १६एसला त्यांचा पत्ताच लागत नाही. शिवाय स्कॅबीज आणि युरोपीस्कॅबिई यांसारख्या जवळच्या जाती एकट्या १६एसवरून नीट वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी जायर-बी, आरपीओ-बी अशी आणखी जनुकं वाचावी लागतात.

नमुन्यापासूनच सांगतो. मंडीतल्या ढिगात कुठकुठल्या शेतांचा माल मिसळलेला असतो. देपालपूर किंवा सांवेरकडे खणणी चालू असताना थेट शेतात जा. वाण, मातीचा सामू, बियाणं कुठलं, गाठी धरताना पाणी कमी पडलं होतं का, हे सगळं तिथेच टिपून घ्या. कोरड्या आणि अल्कधर्मी मातीत स्कॅब बळावतो, त्यामुळे माळव्याच्या काळ्या जमिनीत सामू मोजणं सोडू नका. डाग पावडरी स्कॅबचा नाही ना, तेही बघा. तो स्पाँगोस्पोरा या वेगळ्याच सूक्ष्मजीवामुळे होतो, आणि खरवडलेली पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की स्पंजासारखे गोळे दिसतात.

डाग निवडताना कोवळा निवडा. खपली अलगद उचलली की खाली गवती रंगाचा, किंचित पारदर्शक थर दिसतो. तो घ्या, वरची भुसभुशीत काळी साल नको. तुकडा एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवा, निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुवा, खलात वाटा आणि पातळ करून वॉटर अगारवर पसरा. बुरशी आवरायला सायक्लोहेक्सिमाइड घाला. २८ अंशांवर आठवडाभर तरी थांबा, दोन दिवसांत उगवणाऱ्या चिकट वसाहती आपल्या कामाच्या नाहीत. आपल्या वसाहती छोट्या, कडक, माध्यमात रुतलेल्या असतात. लूपने उचलायला गेलं तर सहज सुटून येत नाहीत, आणि झाकण उघडताच पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. स्कॅबीजची बीजाणूंची साखळी राखाडी आणि मळसूत्री असते, माध्यमात तपकिरी मेलॅनिन उतरतं, रॅफिनोज ही साखर त्याला चालते. या चाचण्या उपयोगी आहेत, पण त्यांनी जातीचा अंदाज येतो, रोगकारकता ठरत नाही.

आता खरी परीक्षा. पीसीआरमध्ये टीएक्सटी-एबी, म्हणजे थॅक्स्टोमिन बनवणारं जनुक, शोधा. नेक-१ या रोगकारकतेशी जोडलेल्या दुसऱ्या जनुकावर विसंबू नका, काही रोगकारकांत ते नसतं. त्याच्याच जोडीला बटाट्याच्या चकत्यांची चाचणी करा. निरोगी बटाटा वरून निर्जंतुक करून सेंटीमीटरभर जाड चकत्या कापा आणि ओल्या फिल्टर पेपरवर ठेवा. जिवाणू वाढलेल्या अगारची छोटी गोल चकती काढून, वाढीची बाजू खाली करून, त्यावर ठेवा. अंधारात चार-पाच दिवसांनी अगारच्या चकतीखाली आणि भोवती बटाट्याच्या पेशी काळपट तपकिरी होऊन मेलेल्या दिसल्या, तर विष आहे. सोबत नुसत्या अगारची एक चकती हवीच, आणि चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहातून एखादा निरुपद्रवी स्ट्रेप्टोमायसिस मागवून तोही बाजूला लावा.

इथे माध्यमाकडे फार लक्ष द्या. तुमच्या वर्णनावरून वाढ ग्लुकोजच्या माध्यमावर केलेली दिसते. ग्लुकोज असलं की थॅक्स्टोमिनचं उत्पादन दबतं. ओटच्या माध्यमावर, त्यातल्या सेलोबायोजसारख्या तुकड्यांमुळे, ते जागं होतं. त्यामुळे ग्लुकोजवरचा ‘नकारात्मक’ निकाल मी तरी ग्राह्य धरणार नाही.

शेवटी कुंडी: निर्जंतुक माती, जिवाणू मिसळलेला, निरोगी बियाणं, गाठी धरताना पाणी बेताचं. डाग पडले की त्यांतून तोच जिवाणू परत वेगळा करा आणि टीएक्सटी-एबी पुन्हा तपासा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलंत तर हंगाम तुमच्या बाजूने असेल. ग्वाल्हेरला केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, लावण्याआधी तिथल्या लोकांशी बोलून घ्या. आणि प्रयोग संपल्यावर कुंडीतली माती ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर टाकू नका, हा जिवाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो.