आधी जमीन कुणाची ते विचार

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. चित्त्याच्या मादीला घेरून उभ्या राहिलेल्या लँडक्रूझर, रेडिओवर एकमेकांना जागा सांगणारे ड्रायव्हर, आणि तुझ्याच टूर ग्रुपमधले ते काका, ‘पैसे भरलेत, थोडी पुढे घ्या ना’ म्हणणारे. यात मला नवीन काही नाही. नवीन आहे ते तुझं शेवटचं वाक्य: ‘ताई, हे पर्यटनच बंद व्हायला हवं, मी टूर कंपनीतली नोकरी सोडते आणि वन्यजीवशास्त्रात मास्टर्स करते.’ एका दमात दोन निर्णय घेतलेस. दुसरा बरोबर असू शकेल. पहिल्यावरून मला तुझ्याशी भांडायचंय.

तुझा राग खरा आहे, आकडेही तुझ्याच बाजूचे आहेत. २०१८ मध्ये केनियाच्या मसाई मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी जास्त तिथे एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होण्याइतकी मोठी होतात. गर्दी कमी तिथे २.३. म्हणजे तू पाहिलेल्या त्या मादीची पिल्लं जगण्याची शक्यता फार नव्हती, हे मीही मान्य करते. पण तो आकडा पुन्हा वाच. तुलना कमी गर्दीशी आहे. पर्यटक दोन्हीकडे होते. मग एका ठिकाणी गर्दी कमी का होती? तिथली माणसं जास्त सभ्य होती म्हणून नव्हे. काका तिथेही असतात.

हे समजून घ्यायचं तर प्राण्यावरून नजर काढून खाली बघ. ही जमीन कुणाची? आणि तिच्यावर प्राणी राहू दिल्याबद्दल मालकाला काय मिळतं? मला विचारशील तर या धंद्यात आणि तुझ्या त्या शास्त्रातही पहिला प्रश्न हाच. बाकीचे त्याच्या मागून येतात.

माराच्या ईशान्येला लोइटाची मैदानं आहेत. टांझानियातल्या सेरेंगेटीहून येणारा लाखो वाइल्डबीस्टचा, म्हणजे कळपानं चरणाऱ्या त्या मोठ्या प्राण्यांचा, प्रसिद्ध लोंढा वेगळा. केनियाचे स्वतःचे वाइल्डबीस्ट पावसाळ्यात या मैदानांवर वीत असत. १९७७ मध्ये ते सुमारे १ लाख १९ हजार होते, १९९७ मध्ये सुमारे २२ हजार उरले. बंदुकीनं गेले नाहीत, तुझ्या काकांच्या कॅमेऱ्यानंही गेले नाहीत. विणीच्या जमिनीवर ट्रॅक्टर आले आणि गहू पेरला गेला. गव्हाचे पैसे हातात पडत होते, वाइल्डबीस्टचे पडत नव्हते. जमीनमालकानं काय करावं अशी तुझी अपेक्षा होती? आणि हे एकट्या लोइटाचं नाही. १९७७ ते २०१६ या काळात केनियातले मोठे वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. केनियानं शिकारीवर पूर्ण बंदी घातली तेही १९७७ मध्येच, हे त्या आकड्याशेजारी लिहून ठेव. तिथले निम्म्याहून कितीतरी जास्त वन्यप्राणी उद्यानांच्या बाहेर, लोकांच्या जमिनीवर फिरतात. उद्यानाच्या गेटवर तिकीट फाडून त्यांचं काही भलं होत नाही.

आता गर्दी कमी असलेल्या ठिकाणांकडे ये. माराच्या राखीव क्षेत्राला लागून गुरं पाळणाऱ्या मासाई कुटुंबांच्या नावावर जमिनीचे तुकडे आहेत. २००६ पासून ते एकत्र करून कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे लोकांच्याच जमिनीवरची संरक्षित क्षेत्रं, उभ्या राहायला लागल्या. त्यातल्या नाबोइशोत २०१० मध्ये पाचशेच्या वर मालकांनी मिळून सुमारे ५० हजार एकर जमीन कॅम्पवाल्यांना भाड्यानं दिली. भाडं जमिनीच्या मापानं ठरलेलं, पर्यटक आले काय नि न आले काय. बदल्यात कुंपण घालायचं नाही, नांगर लावायचा नाही, गुरं ठरलेल्या पट्ट्यात ठरलेल्या वेळीच चारायची. कॅम्प मोजके, तंबू मोजके. दिसलेल्या एका प्राण्यापाशी पाच गाड्या झाल्या की सहावी लांब थांबते. नियम तर राखीव क्षेत्रातही पाच गाड्यांचाच आहे! पण तिथे तो पाळला गेला नाही तर कुणाचंच काही बिघडत नाही. कॉन्झर्व्हन्सीत गाडी चालवणारा पुष्कळदा त्याच जमिनीच्या एखाद्या मालकाचा मुलगा किंवा पुतण्या असतो.

फार गोडही समजू नकोस. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे भाडंही त्यांच्याच खात्यात. बायकांना त्यातलं किती मिळतं हे घराघरावर अवलंबून. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा बऱ्याच ठिकाणी भाड्याला कात्री लागली आणि देणगीदारांकडे हात पसरावे लागले. कॉन्झर्व्हन्सीच्या बाहेर तारेची कुंपणं झपाट्यानं वाढली, आणि त्यांत अडकून मेलेले प्राणी मी पाहिलेत. आमच्या एका जुन्या ड्रायव्हरच्या घरी दोन भाऊ. मोठ्यानं जमिनीला कुंपण घातलं, धाकट्यानं कॉन्झर्व्हन्सीला दिली. दोघांत शहाणा कोण, असं मी विचारलं की तो ड्रायव्हर हसायचा आणि म्हणायचा, पाऊस पडला तर मोठा, नाही पडला तर धाकटा. यापेक्षा नेमकं मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

तू लिहितेस, माणसं बाहेर काढली की जंगल आपोआप सावरतं. हे वाक्य वाचून मी चहा बाजूला ठेवला. अगं, सेरेंगेटीत हेच केलं! १९५० च्या दशकाच्या अखेरीस मासाईंना तिथून बाहेर काढलं आणि शेजारच्या न्गोरोंगोरोत राहू देण्याचा शब्द दिला. २०२२ पासून त्यांना न्गोरोंगोरोतूनही उठवून सुमारे ६०० किलोमीटर दूर हांडेनीतल्या मसोमेरा गावाकडे पाठवलं जातंय. सरकार याला स्वेच्छेचं स्थलांतर म्हणतं. त्याच वर्षी जूनमध्ये सेरेंगेटीलगतच्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर राखीव क्षेत्राच्या सीमेचे दगड रोवताना गोळीबार झाला. माणसं जखमी झाली, एक पोलीस मेला. आणि त्या भागातली सफारी बघशील तर सुरेख. मोकळी मैदानं, फ्रेममध्ये दुसरी गाडी नाही. तू ती सफारी ‘जबाबदार पर्यटन’ म्हणून विकली असतीस. युगांडात १९९१ मध्ये गोरिलांच्या ब्विंडी जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा बट्वा लोकांना त्यांच्याच जंगलातून बाहेर पडावं लागलं. गोरिलांच्या फोटोत ते कुठे दिसतात? ज्याचं घर त्याला न विचारता ओसरीवर पथारी पसरायची आणि वर घर किती स्वच्छ आहे म्हणून कौतुक करायचं, यातला प्रकार आहे हा. म्हणून म्हणते, आधी जमीन कुणाची ते विचार. पर्यटन चांगलं की वाईट हा प्रश्न त्याच्याशिवाय सुटत नाही.

बंदुकीची गरज नव्हती असं मी म्हणत नाही. केनियातले हत्ती १९७३ मध्ये सुमारे १ लाख ६७ हजार होते, १९८९ मध्ये १६ हजारांवर आले. तिथल्या वन्यजीव खात्याचे प्रमुख रिचर्ड लीकी यांनी रेंजरांच्या हाती चांगली शस्त्रं दिली आणि राष्ट्राध्यक्ष मोई यांनी नैरोबीच्या उद्यानात १२ टन हस्तिदंत पेटवून दिलं तेव्हा जग जागं झालं. २०२१ च्या गणनेत हत्ती ३६ हजारांच्या वर होते. हे श्रेय द्यायलाच हवं. पण बंदूक शिकाऱ्याला थांबवते. गव्हाला कसं थांबवणार?

रवांडातल्या गोरिलांचं उदाहरण तू दिलंस ते बरं केलंस, कारण त्यानं तुझंच म्हणणं पडतं. तिथे गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या डायन फॉसी यांचा गोरिला पर्यटनाला विरोध होता, १९८५ मध्ये त्यांचा खून झाला. पर्यटन मात्र वाढत गेलं, फार कडक नियमांत: एका कुटुंबापाशी दिवसाला आठ माणसं, एक तास, आणि २०१७ पासून माणशी १,५०० डॉलर. पर्वतीय गोरिलांची संख्या हजाराच्या वर गेली, आणि २०१८ मध्ये त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून कमी धोक्याच्या ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं. परमिटची किंमत दुप्पट झाली त्याच वर्षी उद्यानाच्या शेजारच्या गावांचा वाटा पाचावरून दहा टक्क्यांवर गेला. दहा टक्के मला कमीच वाटतात. ज्यांच्या बटाट्याच्या शेताला लागून उद्यानाची दगडी भिंत उभी आहे त्यांना तर वाटणारच. पण शेजाऱ्याचा वाटा सरकारी धोरणानं ठरलेला आहे, पर्यटकाच्या टिपेवर सोडलेला नाही, हे महत्त्वाचं.

आता माझं ऐक. माझ्याबद्दल पुण्यात काय बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेलच. ताईची टूर म्हणजे श्रीमंतांची टूर. राखीव क्षेत्रातल्या मोठ्या लॉजवर ग्रुप न्यायचे मी बंद केले तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं गेली आणि ज्यांनी नावं ठेवली त्यांच्याच बसमध्ये जाऊन बसली. मी तीन देश दहा दिवसांत करत नाही. एकच देश, कमी रात्री, आणि त्यातल्या बहुतेक अशा जमिनीवर जिचा मालक कोण हे मला ठाऊक आहे. हट्टी म्हणतात, म्हणू देत. आयुष्यभर पैसे साठवून एकदाच आफ्रिकेला जाणाऱ्या निवृत्त शिक्षकानं काय करायचं, असं कुणी विचारलं की मी म्हणते, चार दिवस कमी राहा. हे उत्तर पुरेसं नाही, मला कळतं. आणि विमानाच्या धुराबद्दल तू जे लिहिलंस त्यावर माझ्याकडे कसलंच उत्तर नाही, तेव्हा मी ते ओलांडून पुढे जाते. पण नुसतं घरी बसून शुद्ध राहणाऱ्यांनी एका एकराचं तरी भाडं भरलंय का? कुणाच्या तरी पैशानं तो नांगर थांबलाय. त्यातला थोडा माझ्या गिऱ्हाइकांचा आहे, आणि हे मी कुणापुढेही सांगेन. तुझ्यापुढेच जरा जोरात सांगतेय, कारण तू मला विचारलंस तरी.

मास्टर्स कर, जरूर कर. मला करता आलं नाही. घरात बँकेच्या नोकरीपलीकडे कुणाची नजर जात नव्हती, आणि माझ्याकडे तेव्हा आजच्याइतका हट्ट नव्हता. नैरोबीत एकदा कॉन्झर्व्हन्सींच्या भाड्यावरच्या बैठकीला गेले होते. नावापुढे पदवी नाही, संस्था नाही, टूरवाली बाई. सगळं ठाऊक असून मागच्या रांगेत बसले आणि चहाच्या वेळेत जे बोलता आलं तेवढंच बोलले. ते अजून सलतं. तुला त्या टेबलाशी बसता यायला हवं.

पण कृपा करून प्रबंधाचा विषय चित्त्याच्या विष्ठेतली हार्मोन्स असा घेऊ नकोस. ते करणारे पुष्कळ आहेत आणि चांगलं करतात. तू भाडेकरार वाच. कुंपण कुठल्या वर्षी, कुणी, कुठल्या भावाच्या भीतीनं घातलं ते शोध. बायकांच्या नावावर जमीन असलेली घरं शोध आणि तिथे भाड्याच्या पैशाचं काय होतं ते लिही. त्यासाठी स्वाहिली लागेल, खरं तर मासाईंची मा भाषा लागेल. तुझ्या वयात भाषा डोक्यात शिरते, माझ्या वयात वाट बघत बसते. आणि सुट्टीत ताडोबाला जाशील तेव्हाही वाघाआधी हेच विचार: बफरमधल्या या गावाला रिसॉर्टकडून काय मिळतं, आणि रिसॉर्टखालची जमीन आधी कुणाची होती?

राजीनामा मात्र या आठवड्यात देऊ नकोस. आधी ऑफिसमधून पुढच्या वर्षीच्या सगळ्या आफ्रिका टूरच्या आयटिनररी मागून घे. शीट कर. प्रत्येक रात्रीपुढे लिही: कॅम्प कुठल्या जमिनीवर, मालक सरकार, काउंटी (तिथलं जिल्हा प्रशासन) की कुटुंबं, भाडं ठरलेलं की पर्यटकांच्या संख्येवर, आणि कुणाच्या खात्यात. ऑफिसला माहीत नसणार. नैरोबीच्या ग्राउंड ऑपरेटरला मेल टाक. तो ‘आम्ही स्थानिकांना मदत करतो’ असं कळवेल, शाळेच्या मुलांचा फोटो जोडेल. त्यावर समाधान मानू नकोस, पुन्हा विचार. ज्या रात्रीपुढचे रकाने रिकामे राहतील त्या लाल कर, आणि शीट मला पाठव. मग त्या लाल रात्री बदलायला तुझ्या बॉसला किती खर्च येईल ते आपण दोघी मिळून काढू. त्यानं नाही म्हटलं तर राजीनाम्याचा मजकूर मीच लिहून देईन.

तुझी,
ताई