विकेंद्रित वेब चालवताना बड्या कंपन्यांकडून काय घ्यावं?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं सॉफ्टवेअर) आणि फेडिव्हर्स (अशा सर्व्हरचं जाळं) यांची ओळख करून दिली होती: एका कंपनीच्या मालकीच्या संकेतस्थळाऐवजी अ‍ॅक्टिव्हिटीपब या खुल्या प्रोटोकॉलवर एकमेकांशी बोलणारे हजारो स्वतंत्र सर्व्हर. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांची आहेत. गूगल, अ‍ॅपल, मेटा यांच्या भोवतीचा पसारा सुरळीत चालतो आणि आमचं मात्र दर महिन्याला काहीतरी अडतं, असा त्यांचा सूर आहे. पैसा हे एक कारण झालं. दुसरं असं, की कोणालाच करायला न आवडणारी सामायिक कामं तिथे कोणाला तरी नेमून दिलेली असतात. ती कामं आपण उचलावीत आणि माणसं अडकवून ठेवणारं कुलूप तिथेच सोडावं, अशा मताने ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न (पुणे): मराठी मंडळींसाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर सुरू केला. लोक हौसेने खातं उघडतात, आठवडाभरात फिरकेनासे होतात. असं का?

कारण त्यांना पहिल्या दिवशी रिकामं पान दिसतं. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून मॅस्टोडॉनकडे लोकांची लाट आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून त्याहून मोठी आली. दोन्ही लाटा बऱ्याच प्रमाणात ओसरल्या. आत शिरण्याआधीच 'कोणता सर्व्हर?' हा प्रश्न, आणि शिरल्यावर समोर काहीच नाही.

कंपन्या नव्या माणसाच्या पहिल्या दहा मिनिटांवर अतोनात मेहनत घेतात, कारण तिथे सुटलेला माणूस सहसा परत येत नाही. हे शिकण्यासारखं आहे आणि काहींनी शिकूनही घेतलं. मे २०२३ पासून मॅस्टोडॉनच्या अधिकृत अ‍ॅपने थेट मॅस्टोडॉन डॉट सोशल या मॅस्टोडॉनच्याच सर्व्हरवर खातं उघडण्याचं ठळक बटण दिलं. ब्लूस्काय या दुसऱ्या विकेंद्रित सेवेने जून २०२४ मध्ये 'स्टार्टर पॅक' आणले. एका दुव्यात जास्तीत जास्त १५० खाती असतात आणि नवा माणूस ती एका झटक्यात फॉलो करू शकतो.

तुमच्या सर्व्हरवर हेच असं करता येईल. नियमित मराठी लिहिणारी ४०-५० खाती निवडा. त्यांत कवी, शेतीवाले, क्रिकेटवाले, प्रोग्रॅमर अशी सरमिसळ हवी. लोकांना बोलावण्याच्या दोन आठवडे आधी अ‍ॅडमिनने एका वेगळ्या खात्यावरून ही सगळी फॉलो करावीत. हे महत्त्वाचं आहे. बाहेरच्या खात्याच्या जुन्या पोस्ट तुमच्या सर्व्हरवर आपोआप येत नाहीत. तुमच्याकडच्या कोणीतरी फॉलो केल्यानंतरच्या पोस्ट येऊ लागतात. ही तयारी नसेल तर नवा सदस्य एखादं प्रोफाइल उघडतो आणि त्याला ते ओसाड दिसतं.

मग या यादीतली दहा-पंधरा खाती अ‍ॅडमिन सेटिंगमधल्या 'नव्या सदस्यांना सुचवायची खाती' या जागी टाका. पूर्ण यादीची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल करून ठेवा. सदस्य ती आयात-निर्यात विभागातून चढवू शकतात. तिथे 'मर्ज' आणि 'ओव्हरराइट' असे दोन पर्याय येतात. ओव्हरराइट निवडलं तर आधी फॉलो केलेली खाती उडतात, त्यामुळे सूचनेत 'मर्ज' हा शब्द ठळक लिहा.

आणखी दोन गोष्टी हमखास राहून जातात. ट्रेंडमध्ये येऊ पाहणाऱ्या गोष्टी मूळ सेटिंगनुसार अ‍ॅडमिनच्या मंजुरीसाठी थांबतात. रोज पाच मिनिटं देऊन त्या मंजूर केल्या नाहीत, तर शोध-पान कायम कोरं राहतं. आणि मराठीत लिहूनही पोस्टची भाषा इंग्रजीच ठेवलेली असेल, तर भाषेनुसार गाळणी लावणाऱ्यांना ती दिसत नाही. खातं उघडल्यावर पाठवायच्या स्वागत-संदेशात भाषेचं सेटिंग कुठे आहे ते सांगा.

प्रश्न (नागपूर): आमच्या एका सदस्याची पोस्ट गाजली की सर्व्हर बसतो. मशीन मोठं घेऊनही तेच. कंपन्या अशा वेळी काय करतात?

मशीन मोठं करण्याआधी त्या मोजतात. तुमच्या सदस्याचे फॉलोअर दोन हजार वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील, तर एक पोस्ट म्हणजे साधारण दोन हजार पाठवण्या, आणि उलट दिशेने येणारी उत्तरं, पसंत्या, बूस्ट (दुसऱ्यांनी पोस्ट पुढे पसरवणं) वेगळेच. हे सगळं साइडकिक या पडद्यामागची कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमच्या रांगांमधून जातं. अ‍ॅडमिन पॅनेलमधलं साइडकिकचं पान उघडून प्रत्येक रांगेतला 'लेटन्सी'चा, म्हणजे काम किती वेळ खोळंबलंय याचा, आकडा पाहा. इन्ग्रेस तुंबली असेल तर बाहेरून येणारं अडलंय. पुश तुंबली असेल तर तुमचं बाहेर जात नाहीये. मेलर्स तुंबली असेल तर नव्या सदस्याला खातं पक्कं करण्याचा मेलच मिळत नाही, आणि तो निघून जातो.

मशीन वाढवूनही फरक पडत नाही याचं नेहमीचं कारण डेटाबेसची जोडणी. साइडकिकचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) २५ वरून ५० केले आणि डीबी पूलचा (डेटाबेसच्या जोडण्यांचा) आकडा २५ च ठेवला, तर निम्मे थ्रेड जोडणीची वाट बघत बसतात आणि टाइमआउट होतात. दोन्ही आकडे जोडीने वाढवा. पोस्टग्रेस या मॅस्टोडॉनच्या डेटाबेसमध्ये मूळ मर्यादा १०० जोडण्यांची असते. त्यात वेब, स्ट्रीमिंग आणि सगळ्या साइडकिक प्रक्रियांची बेरीज बसायला हवी. बसत नसेल तर मध्ये पीजीबाउन्सर हा थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम लावा. तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये चालवताना मॅस्टोडॉनच्या सेटिंगमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट (डेटाबेसकडे आधीच तयार करून ठेवलेल्या आज्ञा) बंद करावी लागतात, नाहीतर मधूनमधून न समजणाऱ्या चुका येऊ लागतात.

रांगा वेगळ्या प्रक्रियांमध्ये विभागताना शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळच्या कामांची रांग, फक्त एकाच प्रक्रियेत ठेवा.

आणि डिस्क. बाहेरच्या सर्व्हरवरची चित्रं-व्हिडिओ तुमच्याकडे साठत जातात, डिस्क भरते, आणि भरलेल्या डिस्कवर पोस्टग्रेस लिहिणं थांबवतो. अशा वेळी गाजलेली पोस्ट हे फक्त निमित्त असतं. सात दिवसांहून जुनं बाहेरचं माध्यम रोज रात्री काढणारं काम लावा. कोणी ती पोस्ट पुन्हा उघडली तर चित्र मूळ सर्व्हरवरून परत आणता येतं. डिस्क ८० टक्के भरली की इशारा यायला हवा.

कंपन्यांकडून उचलण्याची सवय एवढीच: सेवा किती बरी असावी याचा आकडा आधी ठरवायचा आणि तो सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. 'इन्ग्रेसची लेटन्सी पाच मिनिटांच्या आत' हे लहान सर्व्हरला पुरेसं आहे. स्थिती सांगणारं पान मात्र दुसऱ्या यंत्रणेवर ठेवा. सर्व्हरबरोबर तेही बंद पडलं तर त्याचा उपयोग काय?

प्रश्न (म्हापसा, गोवा): मी अ‍ॅक्टिव्हिटीपबवर लेख प्रकाशित करणारं सॉफ्टवेअर लिहिते आहे. मॅस्टोडॉनवर बरं दिसतं, इतरत्र मोडतं. प्रोटोकॉल एकच असताना असं का?

प्रोटोकॉलने बरंच मोकळं सोडलं आहे म्हणून. अ‍ॅक्टिव्हिटीपब जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झाला, पण एका सर्व्हरने दुसऱ्याला पाठवलेल्या विनंतीवर ओळख पटवणारी सही कशी करायची हे त्यात बांधून दिलेलं नाही. सगळ्यांनी एचटीटीपी सिग्नेचरचा एक जुना मसुदा वापरायला सुरुवात केली. पक्कं मानक आरएफसी ९४२१ हे २०२४ मध्ये आलं. त्यामुळे दोन्हींना तोंड द्यावं लागतं.

बहुतेक वेळा मोडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. सर्व्हरचं घड्याळ मागे-पुढे असलं की सही नाकारली जाते, म्हणून एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) चालू आहे ना ते आधी बघा. मजकुराचा डायजेस्ट (त्यावरून काढलेला पडताळणीचा ठसा) काढल्यानंतर मधल्या प्रॉक्सीने (वाटेतल्या मध्यस्थ सर्व्हरने) मजकूर बदलला तरी सही फसते. वेबफिंगरने (नावावरून खातं शोधून देणाऱ्या सोयीने) दिलेला पत्ता आणि अ‍ॅक्टरचा (म्हणजे प्रोटोकॉलच्या भाषेत खात्याचा) पत्ता जुळले नाहीत तर खातं सापडतच नाही. तुम्ही 'आर्टिकल' प्रकार वापरत असाल तर काही ठिकाणी पूर्ण लेखाऐवजी शीर्षक आणि दुवा एवढंच दिसेल. त्यासाठी गोषवारा नीट भरा.

इथे अँड्रॉइडकडे बघावं. निरनिराळ्या कंपन्या फोन बनवतात, पण गूगलच्या सेवा हव्या असतील तर फोनला सुसंगतता चाचणीसंच पार करावाच लागतो. यूपीआयमध्येही नव्या अ‍ॅपला थेट जोडणी मिळत नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची प्रमाणन चाचणी आधी द्यावी लागते. फेडिव्हर्समध्ये चाचण्यांचे प्रयत्न आहेत, पण बंधनकारक असं काही नाही, आणि प्रत्यक्षात 'मॅस्टोडॉनवर चाललं ना, मग झालं' हीच परीक्षा ठरली आहे. हे धोक्याचं आहे, कारण अशाने एकाच सॉफ्टवेअरच्या सवयी प्रोटोकॉलच्या जागी बसतात. प्रत्येक आवृत्ती बाहेर काढण्याआधी किमान मॅस्टोडॉन, फेडिव्हर्सवरची मिसकी आणि लेमी ही इतर सॉफ्टवेअर आणि वर्डप्रेसचं अ‍ॅक्टिव्हिटीपब प्लगइन या चौघांशी फॉलो, पोस्ट, दुरुस्ती, उत्तर आणि हटवणं ही पाच कामं तपासून पाहा.

जुनं बंद करण्याचं वेळापत्रकही शिकून घ्या. ऑनलाइन दुकानं चालवून देणारी शॉपिफाय दर तीन महिन्यांनी एपीआयची (बाहेरच्या सॉफ्टवेअरला जोडण्याच्या सोयीची) नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येक आवृत्ती किमान बारा महिने चालू ठेवते. विकसकाला पुढच्या वर्षाचं नियोजन करता येतं ते याच्या जोरावर.

प्रश्न (ठाणे): स्पॅम आला की कोणता सर्व्हर ब्लॉक करायचा यावरून आमच्या मॉडरेटरांत (मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्यांत) दर वेळी भांडण. काही नियम असतो का?

नियम आधी लिहिलेला असला की भांडण निम्म्यावर येतं. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलं: जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या तीन सोयी) हवंच, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात, आणि जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकवर बाहेर पडता यायला हवं. आकडा ठरलेला, मुदत दिलेली, सगळ्यांना सारखी. लहान मेल-सर्व्हरवाल्यांचा या कंपन्यांवर राग आहे आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे, पण नियम मांडण्याची ही पद्धत घेण्यासारखी आहे.

त्याच फेब्रुवारीत फेडिव्हर्सवर स्पॅमची मोठी लाट आली. नोंदणी खुली ठेवून मालक विसरून गेलेले छोटे सर्व्हर त्यासाठी वापरले गेले. त्यानंतर मॅस्टोडॉनच्या ४.२.८ आवृत्तीने सोय केली, की मॉडरेटर आठवडाभर फिरकले नाहीत तर खुली नोंदणी आपोआप मंजुरीच्या पद्धतीवर जाते. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर आजच बदला.

तुमच्यासाठी पायऱ्या सुचवतो. एकाच सर्व्हरवरून २४ तासांत पाच वेगवेगळ्या खात्यांचा स्पॅम आला तर त्या सर्व्हरला 'लिमिट' (तिथल्या पोस्ट फक्त फॉलो करणाऱ्यांनाच दिसतील अशी मर्यादा) लावा आणि तिथल्या अ‍ॅडमिनला कळवा. ७२ तासांत उत्तर नाही आणि स्पॅम चालूच असेल, तर दोन मॉडरेटरांच्या संमतीने 'सस्पेंड', म्हणजे पूर्ण बंदी. आकडे तुमच्या गर्दीप्रमाणे बदला. एक फरक मात्र सगळ्यांना माहीत हवा: लिमिट उठवलं की सगळं पूर्ववत होतं, सस्पेंडने दोन्हीकडची फॉलो-नाती तुटतात आणि बंदी उठवली तरी ती परत जुळत नाहीत. दर बंदीबरोबर तारीख आणि कारण जाहीर लिहा. दुसऱ्याची तयार ब्लॉक-यादी डोळे मिटून चढवू नका. कारण लिहिलेलं नसेल तर चुकीची बंदी ओळखायची कशी?

प्रश्न (न्यू जर्सी): आमच्या मंडळाचा सर्व्हर एकच माणूस सांभाळतो. तो कंटाळला तर आमच्या खात्यांचं काय?

हा प्रश्न खातं उघडण्याआधी विचारायचा असतो. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला एक करार मान्य करावा लागतो: द्वेषपूर्ण मजकुराविरुद्ध सक्रिय मॉडरेशन, रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हरपर्यंत पोहोचू शकेल असा किमान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं तर तीन महिने आधी सूचना. तुमचा सर्व्हर यादीत असो वा नसो, मंडळाने या चार अटी ठराव करून लिहून घ्याव्यात. दुसऱ्या माणसाकडे फक्त सर्व्हरची किल्ली देऊन भागत नाही. डोमेनचं खातं, मेल पाठवणारी सेवा आणि बॅकअपचा पासवर्डही त्याच्याकडे हवा. वर्षातून एकदा त्या बॅकअपवरून रिकाम्या मशीनवर सर्व्हर उभा करून पाहा.

डोमेन निवडताना शेवटची अक्षरं कोणत्या देशाची आहेत ते बघा. 'क्वीअर डॉट एएफ' हा सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद पडला, कारण डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन आणि तिथल्या तालिबान राजवटीने ते काढून घेतलं.

स्थलांतर करायचं तर आधी नव्या खात्यावर जुन्या खात्याचं उपनाम नोंदवा आणि मग जुन्या खात्यावरून 'मूव्ह' करा. फॉलोअर नव्या खात्याकडे येतात, पोस्ट येत नाहीत. तुम्ही फॉलो केलेल्यांची यादी सीएसव्हीने वेगळी न्यावी लागते. एकदा हललं की ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. आणि हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असतानाच शक्य आहे. तो अचानक बंद पडला तर मूव्हचा निरोप पाठवायला कोणी उरत नाही.

खर्चाचा हिशोब उघडा ठेवा. अ‍ॅप स्टोअरवर अ‍ॅपल ३० टक्के घेते, लहान विकसकांकडून २०२१ पासून १५ टक्के. प्रमाण पटो न पटो, सामायिक कामाला पैसे लागतात हे तिथे गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडे अ‍ॅडमिन खिशातून भरत राहतो आणि एक दिवस थकतो. सर्व्हर, साठवण, मेल, डोमेन आणि मॉडरेटरांचं मानधन यांची वार्षिक बेरीज करा, सक्रिय सदस्यांनी भागा आणि तो आकडा दर तिमाहीला जाहीर करा. सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असू द्या, म्हणजे तीन महिन्यांची सूचना देण्याचं वचन पाळता येईल.

प्रश्न (कोल्हापूर): मग कंपन्यांकडून काय घेऊ नये?

वाट बंद करण्याचा अधिकार. गूगल टॉकने २००६ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर इतर सर्व्हरशी बोलणं सुरू केलं. २०१३ मध्ये त्याच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं तेव्हा नव्या सेवेत ते नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या अ‍ॅपची जोडणी तोडली, आणि अनेक वर्षं चाललेली ट्वीटबॉटसारखी अ‍ॅप संपली.

खुला प्रोटोकॉल आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. यूपीआय कोणत्याही बँकेला खुलं आहे, तरी बहुतांश व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच अ‍ॅपमधून होतात. एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांपुरता ठेवण्याची एनपीसीआयची मुदत पुढे ढकलत ३१ डिसेंबर २०२६ वर नेण्यात आली. मॅस्टोडॉन डॉट सोशलच्या ठळक बटणातही हाच धोका आहे. म्हणून आपल्या सर्व्हरची कमाल सदस्यसंख्या आजच ठरवा. दोन मॉडरेटर रोज तक्रारी निकाली काढू शकतील एवढीच ती असावी. त्यापुढच्या माणसाला नोंदणीच्या पानावरच दुसऱ्या दोन मराठी मंडळींच्या सर्व्हरचे दुवे द्या, आणि ते दुवे चालू आहेत ना हे दर महिन्याला तपासा.