केनियातल्या किकुयू समाजाच्या घरात लग्न करतेयस, तर आधी हे बोलून घे

अगं, नैरोबीत राहून तुला जे सवयीचं झालंय, ते पुण्यातल्या आईबाबांना ऐकूनही ठाऊक नसेल. म्हणून 'रुरासिओ', म्हणजे वधूमूल्याची रीत, त्यांना आधीच समजावून सांग. मुलाकडची वडीलमंडळी मुलीच्या घरी येऊन शेळ्यांच्या हिशेबात बोलणी करतात. हल्ली बहुतेकदा शेळ्यांऐवजी पैसेच देतात. माझ्या बाबांना हे बैठकीतच कळलं. "मी मुलगी विकत नाही," म्हणून ते उठले. सासऱ्यांना वाटलं, आपलं नातंच नाकारलं. ती अढी सुटायला दोन वर्षं गेली, आणि चूक माझी होती. ही रीत हुंड्याच्या बरोबर उलटी आहे, हे मीच सांगायला हवं होतं. तुझ्या बाबांनी थोडंसं जरी स्वीकारलं तरी मान राहतो. बोलणी तुम्ही दोघांनी करायची नाही. तुझ्याकडून एखादे जाणते काका बसव.

जेवणाची काळजी नको. गिथेरी म्हणजे मका आणि घेवडा, मुकिमो म्हणजे बटाटा, मका आणि पालेभाजी एकत्र कुस्करलेली, तोही शाकाहारीच.

लग्नाची नोंदणी मात्र कर. केनियाच्या २०१४ च्या विवाह कायद्यात पारंपरिक विवाहाला बहुपत्नीत्वाची मुभा आहे, नागरी विवाहाला नाही. नागरी विवाहासाठी किमान २१ दिवस आधी नोटीस लागते.

आणि नावं! पहिला मुलगा सासऱ्यांच्या नावाचा, पहिली मुलगी सासूबाईंच्या. आपल्या आईबाबांची पाळी दुसऱ्या खेपेला. हे आईला बारशाच्या दिवशी कळू देऊ नकोस, आत्ताच सांग.