बीपी तर सगळ्यांनाच असतो, मग ‘मला बीपी आहे’ चूक का नाही?

प्रश्न असा आहे: ‘मला बीपी आहे’, ‘ह्यांना शुगर आहे’, ‘वहिनींना थायरॉइड आहे’ ही वाक्यं ऐकली की डोक्यात तिडीक जाते. रक्तदाब प्रत्येकाला असतो, साखर प्रत्येकाच्या रक्तात असते आणि थायरॉइड ही तर गळ्यातली ग्रंथी. हे मराठी बिघडल्याचं लक्षण आहे का, आणि याऐवजी काय म्हणावं? जाता जाता असंही विचारलं आहे की ‘लवकर बरे व्हा’ला काही पर्याय आहे का.

तिडीक जाणं समजू शकतो, पण इंग्रजी शब्दांच्या माथी खापर फोडता येणार नाही. ‘मला पित्त आहे’ हे आपण कधीपासून म्हणत आलो आहोत! आयुर्वेदाच्या हिशेबाने वात, पित्त, कफ प्रत्येक देहात असायलाच हवेत. बिघडतं ते त्यांचं प्रमाण. तरी ‘माझं पित्त प्रकुपित झालंय’ असं वैद्यांखेरीज कोण बोलतं? ‘पित्त झालंय’ म्हणायचं, आमसुलाचं पाणी प्यायचं, घरातल्या सगळ्यांना काय ते कळतं. ‘ताप’चंही तेच. ताप म्हणजे उष्णता, ती तर जिवंत माणसाला असणारच. ‘वाढलेला’ किंवा ‘बिघडलेलं’ हे विशेषण बोलणारा गाळतो आणि ऐकणारा मनात भरून घेतो. बीपी आणि शुगर या तयार साच्यात येऊन बसले, इतकंच. आणि ‘मला रक्तदाब आहे’ असं शुद्ध मराठीत म्हटलं तरी मूळ तक्रार जागच्या जागीच राहते. शुगर वाढ‘ते’ ती साखरेच्या वळणाने आणि बीपी वाढ‘तो’ तो दाबाच्या, म्हणजे पाहुण्या शब्दांना आपण घरची लिंगंसुद्धा देऊन टाकली आहेत. (काही घरांत बीपी वाढ‘तं’. असो.)

मला यातलं क्रियापद जास्त गमतीचं वाटतं. मराठीत दुखण्यांची क्रियापदं ठरलेली असतात: ताप येतो, सर्दी होते, ठसका लागतो, घसा बसतो, पाठ धरते, उसण भरते. शुगर मात्र ‘निघते’. ‘सहज तपासायला गेलो, तर शुगर निघाली.’ गोवरही निघतो, पण तो अंगावर, सगळ्यांना दिसेल असा. शुगर निघते ती रिपोर्टच्या कागदावर. माणसाला काहीच होत नसतं, धडधाकट हिंडत असतो, आणि उपाशीपोटीचा आकडा १२६ च्या वर आलेला असतो. ज्या आजारांची शरीर वर्दी देत नाही, त्यांच्यासाठी लोकांनी आपसूक वेगळं क्रियापद वापरायला घेतलं. याला मी तरी भाषा बिघडणं म्हणणार नाही.

माझी कसोटी साधी आहे: शब्द ऐकून समोरच्याचा गैरसमज होतो का? ‘बीपी आहे’ म्हटलं की ऐकणारा वाढलेलाच धरतो, कमी असेल तर ‘बीपी लो झाला’ असं आपण वेगळं सांगतोच. ‘थायरॉइड आहे’ मात्र या कसोटीवर अर्धवट पडतं. ग्रंथी कमी काम करते की जास्त, हे त्यातून कळतच नाही. आणि हे दोन आजार एकमेकांच्या उलट, त्यांची औषधंही उलट. बहुतेकांना कमीचा त्रास असतो आणि सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची ती गोळी चालू असते, म्हणून बोलण्यात निभावून जातं. पण नव्या डॉक्टरांपुढे ‘मला थायरॉइड आहे’ एवढंच सांगून थांबू नये. ‘थायरॉइड कमी आहे’ म्हणायला एकच शब्द जास्त लागतो.

‘पांढऱ्या पेशी’ हा तर सरळ चुकीचा प्रयोग. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ऐकू येतं, ‘पांढऱ्या पेशी वीस हजारांवर आल्यात हो!’ यांना म्हणायच्या असतात प्लेटलेट. त्या साधारण दीड ते साडेचार लाख असाव्या लागतात; वीस हजार म्हणजे खरोखरच काळजी. पांढऱ्या पेशींचा आकडा मुळात चार ते अकरा हजारांच्या घरातला, त्या वीस हजार झाल्या तर कमी नव्हे, वाढल्या! डेंग्यूत पांढऱ्या पेशीही कमी होतात, त्यामुळे घोळात आणखी भर. रक्तपेढीत धावाधाव करणाऱ्या नातेवाइकाने तरी ‘प्लेटलेट’ म्हणावं. त्याचा पुस्तकी प्रतिशब्द ऐनवेळी कुणाच्या तोंडात येणार नाही, त्याची वाट पाहू नये.

आणि गॅस. छातीत दुखलं, गॅस. खांद्यात कळ आली, गॅस. घाम फुटला, ‘गॅस वर चढला’. ओवा चावायचा, सोडा प्यायचा, पडून राहायचं. खरोखर हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर तेवढ्या वेळात स्नायू मरत असतो, आणि मग मागाहून शेजारी सांगतात, ‘बारीकसा अटॅक होता.’ या सगळ्या यादीत मला राग येतो तो या शब्दाचा. शब्द मराठी की इंग्रजी याच्याशी त्या रागाचा काही संबंध नाही.

वर्तमानपत्रांतली ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ ही ओळही बंद व्हावी असं वाटतं. गेलेल्या माणसाला जाता जाता नापास कशाला करायचं? ‘दीर्घ आजाराने निधन’ यात सगळं येतं.

आता ‘लवकर बरे व्हा’. व्याकरणात काही खोट नाही, पण तो भेटकार्डावरचा मजकूर आहे आणि थोडा हुकूमही. घरात कुणी अंथरुणावर असेल तर मराठी माणूस मुळात प्रश्न विचारतो: ‘आता उतार आहे का?’, ‘जेवण जातं का?’, ‘औषध लागू पडलं का?’ फोनवर लिहूनही हे विचारता येतं. उत्तरात हात जोडल्याचं चित्र येत नाही. काल रात्री ताप किती होता, सकाळी पेज घेतली की नाही, हे सगळं येतं.