पत्त्याशिवाय टपाल जाईल का?

पत्र: मी टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. मुलगा गेट देऊन एम.टेक.ला लागला, आता शेवटचं सेमिस्टर आहे. कॅम्पसमधून बऱ्या पगाराची नोकरी हातात आली आहे, पण तो पीएचडी करायचं म्हणतो. विषय ‘इन्फर्मेशन-सेन्ट्रिक नेटवर्किंग’. म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, “बाबा, यात पत्ताच लागत नाही.” 36 वर्षं मी पत्ते वाचण्यात घालवली. पत्त्याशिवाय टपाल जाणार कसं? आणि जात असेल तर इतक्या वर्षांत हे कुठे दिसलं का नाही? धाकटी बारावीला आहे. होकार द्यावा का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. मुलांच्या विषयात डोकं घालणारे पालक मला फार कमी भेटतात. ‘स्कोप आहे का’ एवढं विचारून बहुतेक जण मोकळे होतात. तुम्ही ‘जाणार कसं’ असं विचारलंत, म्हणून आधी तेच सांगतो.

आजचं इंटरनेट तुमच्या सॉर्टिंगच्या टेबलासारखं चालतं. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिला आकडा 4 दिसला की थैली आपल्या बाजूला, पहिल्या तिनांवरून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटच्या तिनांवरून पोस्ट ऑफिस. इंटरनेटमधला राउटरही आयपी पत्त्याचा पुढचा भाग वाचतो आणि पाकीट पुढे ढकलतो. आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आता मॅचचा दिवस घ्या. एकाच इमारतीतली शंभर माणसं फोनवर तीच मॅच बघताहेत. शंभर पत्ते, शंभर पाकिटं आणि प्रत्येकाच्या आत तोच चेंडू! तुमच्या मुलाच्या विषयातली माणसं म्हणतात, पाकिटावर पत्ता नको, मालाचं नाव लिहा. फोनने नुसतं म्हणायचं, ‘मॅच, पंधरावी ओव्हर, तिसरा तुकडा हवा.’ या मागणीला त्यांच्या भाषेत ‘इंटरेस्ट’ म्हणतात. मधल्या राउटरकडे तो तुकडा कपाटात असला तर तो तिथूनच देतो. नसला तर वहीत टिपतो, की अमुक दारातून अमुक मागणी आली, आणि ती पुढे पाठवतो. तेवढ्यात दुसऱ्या दारातून तीच मागणी आली तर पुढे काही पाठवत नाही, वहीतल्या त्याच ओळीवर दुसरं दार लिहून ठेवतो. माल आला की दोन्ही दारांना देतो, ओळ खोडतो, एक प्रत कपाटात ठेवतो. मागणारा कोण, कुठे राहतो, याची नोंद कुठेच होत नाही. म्हणजे मुलगा थापा मारत नव्हता.

मग वाटेत कुणी खोटा माल दिला तर? त्यावर उपाय तुमच्या ओळखीचा आहे, लाखेचं सील. विमा पाकिटाचं सील शाबूत असलं की ते कोणत्या पोस्टमननं आणलं याला महत्त्व नसतं. इथे मालाच्या प्रत्येक तुकड्यावर तो तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते. विश्वास वाटेवर ठेवायचा नाही, मालावर ठेवायचा. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात टिकाऊ कल्पना हीच.

हे सांगणारी माणसं ऐरीगैरी नाहीत. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलीला एक नेटवर्क असं तुंबलं, की जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरात सेकंदाला 32 हजार बिटांवरून वेग 40 बिटांवर आला. त्या कोंडीवरचा तोडगा व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये मांडला आणि त्याच्या जोरावर इंटरनेट तरलं. त्याच जेकबसन यांनी 2006 मध्ये गूगलमधल्या एका भाषणात नावावर चालणाऱ्या नेटवर्कचा आग्रह धरला. 2009 मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. 2010 पासून अमेरिकी सरकारच्या विज्ञान निधीतून एनडीएन (नेम्ड डेटा नेटवर्किंग) हा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्याच्या प्रमुख यूसीएलए विद्यापीठाच्या लिशिया झांग.

तरी दिसलं का नाही? कारण अर्धं काम दुसऱ्यांनी आधीच उरकलं. मॅच दाखवणाऱ्या कंपन्या प्रती शहराशहरात ठेवतात, त्यासाठी आयपी पत्त्यांची पद्धत बदलावी लागली नाही. 2013 मध्ये एका गाजलेल्या निबंधानं दाखवलं, की प्रती फक्त कडेला, ग्राहकाजवळ ठेवल्या तरी बहुतेक फायदा पदरात पडतो, मधल्या सगळ्या राउटरांना कपाटं देण्याची गरज नाही. त्यात नावं असंख्य. पिनकोड सहा आकड्यांचा असतो, पण जगातल्या प्रत्येक फाइलच्या नावाची यादी राउटरच्या पोटात मावणार कशी? सिस्को कंपनीनं 2017 मध्ये जेकबसन यांच्या जुन्या प्रयोगशाळेकडून हे तंत्र विकत घेतलं, तरी तुमच्या घरचं इंटरनेट आजही पत्त्यावरच चालतं.

मात्र विषय मेलेला नाही. तो फुटून वेगवेगळ्या नावांनी जगतो आहे. बॅटरीवर चालणाऱ्या बारक्या सेन्सरांसाठी हे नेटवर्क कसं बसवायचं, याचा आराखडा 2021 मध्ये निघाला. युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाचा प्रचंड डेटा नावाने हलवण्याचे प्रयोग झाले आहेत. आणि 2022 पासून इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ‘मीडिया ओव्हर क्विक’ नावाचा गट काम करतो आहे. त्यात थेट प्रक्षेपणाच्या तुकड्यांना नावं देतात आणि मधली रिले यंत्रं ती नावं ओळखून तुकडे पुढे देतात. चिरंजीवांचा विषय न वाटणारा हा चिरंजीवांचाच विषय.

आता माझं मत. पीएचडी करू द्या, पण ‘आयसीएन’ हे इन्फर्मेशन-सेन्ट्रिक नेटवर्किंगचं छोटं नाव कपाळावर गोंदवून नको. ‘आयसीएन इंजिनिअर पाहिजे’ अशी जाहिरात मी आजवर पाहिलेली नाही. मी स्वतः शिकत असताना एटीएमवर प्रोजेक्ट केला होता. पैशाचं एटीएम नव्हे, त्या नावाचं नेटवर्क होतं. आमचे सर म्हणायचे, उद्याचं जग याच्यावरच. माझी पहिली नोकरी लागेपर्यंत ते ओसरलं होतं. पण रांगेत पाकिटं तुंबली की काय करायचं, हे मी त्यात शिकलो आणि त्यावर पुढे पंधरा वर्षं पोट भरलं. तुमच्या मुलाचंही तसंच व्हावं. कॅशिंग म्हणजे प्रती जवळ ठेवण्याचं तंत्र, डिजिटल सह्या, कोंडीवरचे उपाय, प्रत्यक्ष चालणारा कोड, हे हाताशी असलं तर व्हिडिओच्या, क्लाउडच्या, राउटरच्या कंपन्या त्याला घेतील.

म्हणून विषयापेक्षा गाइड बघा. त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, किती वर्षांत सुटले, हे त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारायला सांगा. आणि नुसत्या सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकातल्या लुटुपुटीच्या नेटवर्कवर, पाच वर्षं काढणार असेल तर मी नको म्हणेन. एनडीएनचं सॉफ्टवेअर खुलं आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या चार जुन्या मशीनवर ते चालवून बघता येतं. आयईटीएफच्या चर्चाही कुणालाही फुकट वाचता येतात.

पैशाचं म्हणाल तर सरकारी जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनी 42,000 होतात, घरभाडं वेगळं. संसार नसलेल्या मुलाला पुरतं, पण त्यातून धाकटीची फी निघणार नाही. तुमच्या पेन्शनवर तिचं भागत असेल आणि शैक्षणिक कर्ज डोक्यावर नसेल तरच होकार द्या. कर्ज असेल तर दोन वर्षं नोकरी करू दे. ‘नोकरी करून मग पीएचडी’ म्हणणारे परत येत नाहीत म्हणतात. बरेचसे येत नाहीत हे खरं, पण मी आलेलेही पाहिलेत.

सुट्टीत तो घरी आला की एक करा. तुमच्या काळातलं एखादं जुनं रजिस्टर पाकीट त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, “मॅच सगळ्यांना सारखी, तिची प्रत कपाटात ठेवलीस ते समजलं. पण हे एकाच माणसाचं, दुसऱ्या कुणी वाचायचं नाही असं. याची प्रत कपाटात ठेवून उपयोग काय?” या विषयातल्या दुखऱ्या नसांपैकी ही एक, बँकेपासून चॅटपर्यंत आज सगळंच असं बंद पाकिटातून जातं. “ते सोडवलंय हो, बाबा” म्हणाला तर मला कळवा, मी त्याच्याशी बोलेन. गप्प बसून वही काढली, तर फॉर्म भरू द्या.