तिसऱ्या दिवसाचं तिकीट

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर एकदाच मोठा प्रवास करायचं ठरवलंय. एका महिन्यात लंडन, मेलबर्न, सिडनी, केप टाऊन, गॉल आणि वेलिंग्टन, आणि प्रत्येक ठिकाणी एक कसोटी. क्रम कसा लावू?

उत्तर : लागणारच नाही. यादी उत्तम आहे, माझीच चोरल्यासारखी. पण इंग्लंडचा मोसम मे ते सप्टेंबर, आणि विषुववृत्ताच्या पलीकडच्या तीन देशांचा उन्हाळा येतो डिसेंबर-जानेवारीत. तुम्ही लॉर्ड्सवर बसलेले असाल तेव्हा मेलबर्नच्या मैदानात त्यांचा तो लांबट चेंडूचा फुटबॉल चालू असेल. शिवाय नववर्षाची कसोटी सिडनीतही असते आणि बहुतेकदा केप टाऊनमध्येही, दोन्ही साधारण त्याच दिवसांत. मध्ये अख्खा हिंदी महासागर आहे.

चार शहरं खोडा. मेलबर्न आणि सिडनी ठेवा. मेलबर्नची कसोटी 26 डिसेंबरला सुरू होते आणि त्यानंतर काही दिवसांतच सिडनीची. जगातली पहिली कसोटी मेलबर्नच्याच मैदानावर 15 मार्च 1877 ला सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियानं ती 45 धावांनी जिंकली. शंभर वर्षांनी, 1977 मध्ये, तिथंच शताब्दी कसोटी ठेवली, तीही ऑस्ट्रेलियानंच जिंकली आणि तीही 45 धावांनीच. मी उभा जन्म गुणलेखनात काढला. क्लबाचे सामने, शाळांचे सामने, कुणी बघायला येत नाही असे सामने. असल्या जुळणीनं आम्हाला उगाच गुदगुल्या होतात.

दोन कसोट्यांच्या मध्ये एक दिवस बाउरल या गावासाठी काढा. सिडनीच्या अलीकडे सव्वाशे किलोमीटरवर आहे. पाण्याच्या टाकीच्या विटांच्या ओट्यावर गोल्फचा चेंडू आपटून तो स्टंपनं परतवणारा पोरगा याच गावातला. पुढे त्याची सरासरी 99.94 झाली. ब्रॅडमनचं संग्रहालय मैदानाला लागूनच आहे, पण मी तिथं अर्धा तास काढला असेल, बाकीचा वेळ नुसती कठड्याशी बसून होते.

खोडलेली चार शहरं कुठं जात नाहीत.

प्रश्न : लॉर्ड्सचं तिकीट मिळालंय. तिथं नेमकं काय बघावं? आणि टीव्हीवर सारखं सांगतात तो उतार खरंच डोळ्यांना दिसतो का?

उत्तर : दिसतो, आणि पहिल्यांदा दिसतो तेव्हा धक्काच बसतो. मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ अडीच मीटरचा फरक आहे. पॅव्हेलियनच्या समोरच्या टोकाला, म्हणजे नर्सरी एंडला बसा. तिथून उजवीकडची बाजू वर आणि डावीकडची खाली गेलेली दिसते. पॅव्हेलियनकडून टाकलेला चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या आत येतो तो याच उतारानं, आणि नर्सरीकडून टाकलेला स्लिपकडे निघतो. टीव्हीच्या पडद्यावर हे कळतं, पण खुर्चीत बसून पहिली दहा षटकं बघितली की पटतं.

सामन्याच्या दिवशी पॅव्हेलियनमध्ये शिरता येणार नाही, तो सभासदांचा. म्हणून सामना नसलेला एक दिवस हाताशी ठेवा आणि मैदानाची फेरी करा. पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये शतकवीरांच्या नावांचे फलक आहेत. वेंगसरकरांचं नाव तीनदा दिसतं : 1979, 1982, 1986. आगरकरचं दिसतं, 2002 चं, नाबाद 109. सचिनचं दिसत नाही. लॉर्ड्सवर कसोटीत त्याची सर्वोच्च धावसंख्या 37. आमच्या गटातले एक गृहस्थ तो फलक दोनदा वरून खाली वाचून गाईडकडे संशयानं बघत होते. संग्रहालयातला अ‍ॅशेसचा करंडक वीतभरही उंच नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे हिरमोड व्हायला नको. त्याच संग्रहालयात एक चिमणी आहे, पेंढा भरलेली. 1936 मध्ये जहांगीर खानच्या चेंडूनं मेलेली.

पॅव्हेलियनमधल्या लाँग रूममध्ये मी जरा जास्तच रेंगाळले. लॉर्ड्सचा मालक असलेला मेरिलबोन क्रिकेट क्लब 1787 चा, आणि बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव त्यांनी मंजूर केला 1998 मध्ये. भिंतीवरच्या मिशाळ तसबिरींकडे बघताना मला हसू आवरेना.

याच मैदानावर 23 जुलै 2017 ला मी महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत वहीत उतरवली. इंग्लंड 228. आपण 3 बाद 191, पूनम राऊत 86 वर खेळत होती. शेजारच्या इंग्रज आजीबाईंनी माझी वही बघून अंगठाही दाखवला होता. त्याच 191 वर पूनम पायचीत झाली आणि पुढे माझी पेन्सिल नुसती गडी बाद झालेल्यांचे रकाने भरत राहिली. शेवटचे सात गडी 28 धावांत. इंग्लंडची गोलंदाज श्रबसोल, 46 धावांत 6. नऊ धावांनी हरलो. आजीबाईंनी पर्समधून खोडरबर काढून माझ्यापुढे धरलं. थट्टा होती की सहानुभूती, अजून ठरत नाही.

प्रश्न : कसोटीच्या चौथ्या-पाचव्या दिवसाची तिकिटं सहज मिळतात. तीच घ्यावीत का?

उत्तर : माझ्याकडे तिसऱ्या दिवसाचं एक तिकीट आहे, कोरं करकरीत. केप टाऊन, न्यूलँड्स, जानेवारी 2024. पहिले दोन दिवस गर्दी असणार, आपण निवांत तिसऱ्या दिवशी जाऊ, असा माझा शहाणपणा. पहिल्या दिवशी मी वाटेतच होते. तेवढ्यात दक्षिण आफ्रिका 55 त सर्वबाद, सिराज 15 धावांत 6. मग आपले 4 बाद 153, आणि तिथून अकरा चेंडूंत सर्वबाद 153. सहा गडी, एकही धाव नाही. अशी पानं गुणलेखकाच्या आयुष्यात येत नाहीत, आणि आलं तेव्हा मी विमानतळावर बॅगेची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी चहापानाआधीच सामना खलास. एकूण 642 चेंडू. निकाल लागलेली कसोटी इतक्या कमी चेंडूंत याआधी कधीच संपली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तरीही न्यूलँड्स स्टेशनवर उतरून चालत गेले. फाटक बंद. डोंगर मात्र जागेवर होता, आणि त्या मैदानाची निम्मी शोभा डोंगराचीच आहे.

तेव्हा पहिले तीन दिवस धरा. पाचवा दिवस बोनस समजा, आणि त्या दिवसासाठी शहरात दुसरं काहीतरी ठरवूनच जा.

प्रश्न : बायकोला क्रिकेटचा मनस्वी कंटाळा आहे. दोघांनी जाता येईल असं एखादं ठिकाण?

उत्तर : श्रीलंकेतलं गॉल. डच किल्ला मैदानाच्या डोक्यावरच आहे आणि दोन्ही बाजूंना समुद्र. त्या गल्ल्यांतून, दीपस्तंभाकडून, तटावरून फिरत आल्या की त्यांना तुम्ही वरून दिसाल आणि हात करता येईल. तटावर बसून सामना बघणारेही भरपूर असतात, मीही एक संपूर्ण सत्र तिथून पाहिलं. धावफलक वाचायला दुर्बीण लागते एवढंच. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनं हे मैदान धुऊन नेलं होतं, पुन्हा कसोटी व्हायला 2007 चा डिसेंबर उजाडला. मुरलीधरननं निवृत्ती आधीच जाहीर केली होती आणि 800 ला आठ बळी कमी होते. जुलै 2010 मध्ये आपल्याविरुद्ध इथंच त्यानं ते पुरे केले. आठशेवा होता प्रज्ञान ओझा, झेल जयवर्धनेचा. हे बायकोला सांगत बसू नका.

प्रश्न : अ‍ॅडलेडचं मैदान खरंच इतकं सुंदर आहे की समालोचक वाढवून सांगतात?

उत्तर : वाढवून नाही सांगत. पण मला विचाराल तर सारी शोभा एकीकडे आणि तो 1911 चा धावफलक एकीकडे. अजून माणसं आत बसून हातानं चालवतात. मैदानाच्या फेरीत तो आतून बघता येतो. 19 डिसेंबर 2020 ला आपला डाव 36 वर आटोपला, एकालाही दोन आकडी धावा नाहीत. त्या दिवशी आतल्या मंडळींना आकडे फिरवायचे कष्ट फारसे पडले नसतील. पुढच्याच कसोटीत रहाणेनं मेलबर्नला 112 केल्या, म्हणून हे हसत लिहिता येतं.

प्रश्न : 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर रोहितनं ज्या खेळपट्टीची माती चाखली, तिथली चिमूटभर माती बार्बाडोसहून आणता येईल का?

उत्तर : नाही. मैदानवाल्यांना तर चालणार नाहीच, पण माती आणि रोपं सीमेपार न्यायला बहुतेक देशांची बंदी किंवा कडक बंधनं आहेत. त्यापेक्षा ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलबाहेरचा सोबर्सचा पुतळा बघा आणि मग केव्ह हिलला विद्यापीठाच्या आवारात जा. तिथल्या थ्री डब्ल्यूज ओव्हलशेजारी वेस्ट इंडिजचे जुने महान फलंदाज वॉरेल, वॉलकॉट आणि वीक्स तिघंही चिरविश्रांती घेताहेत. दीड वर्षाच्या आत, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या घरांत जन्मलेली ही तीन पोरं. मी गेले तेव्हा मैदानावर विद्यार्थ्यांचा सराव चालला होता आणि एक चेंडू घरंगळत त्या बाजूला आला. तो आणायला आलेला मुलगा पळत आला होता, परत जाताना मात्र चालत गेला.

एक लक्षात ठेवा, वेस्ट इंडिज हा देश नव्हे. बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका, गयाना यांचं चलन वेगळं, प्रवेशाचे नियम वेगळे. दोन बेटं करणार असाल तर दोन्हींचे कागद आधी बघा.

आणि मातीचं निघालंच आहे म्हणून : पुढे कधी ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला गेलात तर बुटांचे तळवे आधी घासून ठेवा. माझ्या बुटाला खिळ्यांच्या खाचेत सुकलेली माती होती. विमानतळावरच्या बाईंनी ते मोठ्या आस्थेनं धुऊन, पुसून, पिशवीत घालून परत दिले. इतके स्वच्छ ते नवे होते तेव्हाही नव्हते.