तीस पानं झाली, आता काय?

प्रश्न: दादा, पहिली पटकथा लिहितोय. पटकथालेखन शिकवणाऱ्या सिड फील्ड या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकात वाचलं की तीन अंक हवेत आणि पंचवीस-तीस पानांच्या आसपास कथेला वळण हवं. माझं वळण चाळिसाव्या पानावर येतंय, सगळं परत लिहू का?

उत्तर: अरे थांब, लगेच फाडू नकोस! फील्डचं पुस्तक आलं 1979 साली, हॉलिवूडच्या साधारण 120 पानांच्या स्क्रिप्टसाठी, एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, म्हणून तीन अंकांना 30-60-30 पानं असा हिशोब. आपल्याकडे मध्ये इंटरव्हल येतो ना, तो त्यात कुठे बसतो? ‘सैराट’ आठव, आधी प्रेम, गाणी, पळापळ आणि मग हैदराबादला संसार, पोटापाण्याचे वांधे, जवळपास दुसराच सिनेमा सुरू होतो, पण तो आधीच्या निर्णयातूनच येतो हे महत्त्वाचं. त्यामुळे पान नंबर मोजण्यापेक्षा हे बघ की त्या वळणानंतर हिरोला मागे फिरता येतं का, येत असेल तर ते वळण चाळिसाव्या काय, पंचविसाव्या पानावरही फुसकंच. आणि पहिली चाळीस पानं नुसती ओळखपरेड असेल (बहुतेकांची असतेच) तर तिथे मात्र बिनधास्त कात्री लाव.